बाबनराव घर पाहून पिल्लू देत

नागपूरच्या गोळीबार चौकातून आत वळून विणकरांच्या वस्तीत बाबनराव हेडाऊंचं घर विचारलं, की लोक आधी उलट विचारत, "लुगडं पाहिजे का पिल्लू?" लुगडं म्हटलं तर सरळ रस्ता सांगत. पिल्लू म्हटलं तर एकमेकांकडे पाहून हसत, आणि "जा बापा, पाहा जमते का," असं म्हणून तोच रस्ता सांगत.

१९७६ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मनोहरराव रेवतकरांच्या वाट्याला हे हसू आलं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. ते बांधकाम खात्यात वरिष्ठ कारकून होते. मूळचे नरखेड तालुक्यातले. तिकडे संत्र्याची बाग थोरला भाऊ पाहायचा, आणि मनोहररावांनी नंदनवन वस्तीत दोन खोल्या बांधून वर तिसरीचे लोखंडी गज मोकळे ठेवले होते. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवून द्यायच्या, याचाच त्यांना पगार मिळत असे. स्वतःच्या चुकीसाठी लागणारी शाई मात्र सरकार पुरवत नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न कधी आला नव्हता.

तो आला त्या वर्षीच्या दिवाळीत. धनतेरसेच्या दिवशी मनोहरराव दिवे आणायला आठवडी बाजारात गेले आणि दिव्यांबरोबर एक पिल्लूही घेऊन आले. लिंबाच्या झाडाखाली एक माणूस टोपली घेऊन बसला होता. टोपलीत चार पिल्लं एकमेकांवर लोळत होती. "अस्सल अल्सेशियन आहे साहेब, दोन महिन्यांत कान उभे न राहिले तर माझे कापा," असं तो म्हणाला. पिल्लांची आई कुठे आहे, हे मनोहररावांनी विचारलं नाही. बाजारात कोंबडीची आई कोण विचारतं, असं काहीसं त्यांच्या डोक्यात असावं. घरी नऊ वर्षांची उत्तरा, एकुलती एक मुलगी, पिल्लू पाहून इतकी हरखली की रात्री जेवायचंच विसरली. तिने त्याचं नाव गोटू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पुष्पलताबाईंनी पहाटे उत्तराला तेल लावलं, उटणं चोळलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं. आता घरात पहाटे न न्हाता कोणी राहायचं नाही, हे तर प्रत्येक मुलाला माहीत असतं. उत्तराने उरलेल्या पाण्याने आणि उरलेल्या उटण्याने गोटूलाही अभ्यंगस्नान घातलं. पुष्पलताबाईंनी कौतुकाने त्याला ओवाळलं आणि मनोहरराव खुर्चीत बसून पोट धरून हसले. पाडव्याला गोटू दूध पिईना. भाऊबिजेच्या सकाळी तो उठलाच नाही.

त्या दिवशी नरखेडहून मनोहररावांची बहीण आली होती, तिची मुलं आली होती. सणाच्या दिवशी घरात मेलेलं पिल्लू, बहिणीसमोर शोभा, आणि बाजारातल्या त्या माणसाने आपल्याला चक्क बनवलं ही जळजळ. हे सगळं मनोहररावांच्या डोक्यात एकदम चढलं, आणि समोर उत्तरा उभी होती. ते तिच्यावर ओरडले, "तुले कोणं सांगतलं होतं त्याले पहाटे आंघोळ घालाले? तूच मारलं त्याले."

मग त्यांनी परसात खड्डा खणला, हात धुतले आणि ओवाळून घ्यायला पाटावर बसले. बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलंसुद्धा. बापांचं असंच असतं, शब्द फेकून देतात आणि तो कुठे जाऊन पडला ते पाहत नाहीत.

उत्तरा रडली नाही. शाळेत गेली, जेवली, पाढे म्हटले. फक्त रस्त्यावरचं एखादं पिल्लू शेपटी हलवत जवळ आलं, की ती दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरायची. शेजारच्या गाईला वासरू झालं, सगळी आळी त्याला कुरवाळून आली, उत्तरा लांबून पाहून परतली. महिना झाला, दीड महिना झाला. पुष्पलताबाई म्हणाल्या, "पोरगी मनातून खचली आहे हो. चांगलं पिल्लू आणा एखादं. या वेळेस पाहून आणा." मनोहररावांनाही ते पटलं. एक पिल्लू गेलं, दुसरं आणलं की जागा भरली, असा सरळ सरकारी हिशोब होता.

पण आणायचं कुठून? ढोरांच्या दवाखान्यातले ड्रेसर भैय्याजी त्यांच्या गावचे. ते म्हणाले, "मनोहर, नागपुरात पिल्लं विकणारे लय आहेत. पोसणारा एकच पाहिला मी. बाबनराव हेडाऊ, कोष्टी आहे. देणार नाही तो तुले, पण जाऊन पाहा गा."

म्हणून मनोहरराव त्या दिवशी बाबनरावांच्या दारात सायकल लावून उभे होते.

आत खड्डा माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बाबनराव विणत होते. साठीच्या आसपासचे, काटक, अंगात बंडी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मागाच्या उजव्या अंगाला पोत्यावर एक काळी कुत्री आडवी पसरली होती आणि पाच पिल्लं तिला लुचत होती. पलीकडे तिशीतली एक बाई चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती बाबनरावांची मुलगी चंद्रकला. कुत्रीचं नावही कांडीच होतं. रेल्वेतला एक गार्ड देश सोडून कायमचा परदेशी गेला, तेव्हा जाताना कांडीच्या आईला बाबनरावांच्या ओटीत घालून गेला होता. विणकर दिवसभर एका जागी बसलेला असतो, कुत्र्याला असा माणूस लागतो, हे त्या गार्डला बरोबर कळलं होतं.

मनोहररावांनी आल्या आल्या विचारलं, "जात कोणती?"

धोटा इकडून तिकडे गेला आणि परत आला, तेव्हा बाबनराव बोलले. "जात घेऊन काय करता साहेब? माय पाहा. ते काय पडली आहे. चावरी आहे का पाहा, भित्री आहे का पाहा, अंगावर हात फिरवून पाहा. बापही पाहाचा असन तं पाचपावलीत राहते, पत्ता देतो."

मनोहररावांनी घाबरत हात पुढे केला. कांडीने हुंगला, एकदा चाटला आणि पुन्हा डोकं टेकवलं. बाजारात टोपलीकडे पाहताना जे कळलं नव्हतं ते त्यांना इथे अर्ध्या मिनिटात कळलं. ही पिल्लं कोणाची तरी होती. त्यांनी मनातल्या मनात कोपऱ्यातलं तांबूस पिल्लू पसंत केलं आणि घाईने विचारलं, "मंग आज नेऊ का?"

चंद्रकला हसू दाबायला चरख्यावर वाकली. बाबनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "अजून महिनाभर मायजवळ राहीन ते. दोन महिने पुरे झाल्याशिवाय मी पिल्लू उचलू देत नाही. आन कोणाले देतो ते मले पाहाचं आहे. बसा."

मग जे सुरू झालं, त्यापेक्षा मनोहररावांच्या नोकरीची मुलाखत सोपी होती. एका धोट्याला एक प्रश्न. दुपारी घरी कोण राहते? दूध कोणतं घेता, त्यात पाणी किती असते? कुत्रं बांधून ठेवाल का मोकळं? उन्हाळ्यात नरखेडले गेले तं त्याले संग न्याल का शेजाऱ्याच्या गळ्यात टाकाल? म्हातारं झालं, डोळ्यानं दिसेनासं झालं, तं काय कराल? मुलगी पाहायला गेलेल्या माणसाला तिच्या बापाने उलटं पाटावर बसवून उभं-आडवं तपासावं, तशी मनोहररावांची गत झाली. कानशिलं तापली, पण उत्तराचे पाठीमागे धरलेले हात आठवून त्यांनी निमूट उत्तरं दिली.

शेवटी बाबनराव म्हणाले, "याच्या आधी कुत्रं होतं काय घरी?"

"नाही," मनोहरराव म्हणाले. सरकारी फॉर्मात एखाद्या रकान्यापुढे 'निरंक' लिहावं, तितक्या सहज. सांगितलं तर हा माणूस आपल्याला दारातून परत पाठवील, एवढंच त्यांना त्या क्षणी दिसलं.

"ठीक आहे," बाबनराव म्हणाले. "येत्या अमावस्येले आमचा माग बंद असते. घर पाहाले येतो."

आणि खरंच आले. सायकलवरून गोळीबार चौक ते नंदनवन, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. पुष्पलताबाईंनी व्याह्यांसाठी करावी तशी कोथिंबीर भरलेली पुडाची वडी तळून ठेवली होती. बाबनरावांनी ताटाला हात लावला नाही, आधी घर पाहिलं. फाटकाखालची फट वितीने मोजली आणि म्हणाले, एवढ्यातून पिल्लू रस्त्यावर जाते, विटा लावून घ्या. न्हाणीतलं टाकं पाहिलं, त्यावर झाकण ठेवायला सांगितलं. उन्हाळ्यात दुपारची सावली कुठे पडते ते विचारलं. मागच्या परसात गेले. तिथे कढीलिंबाच्या बुडाशी लहानसा उंचवटा होता, त्याच्या कडेने कोणी खडे लावले होते आणि वर झेंडूचं एक ताजं फूल होतं. बाबनराव तिथे जरा थांबले. मनोहररावांनी घाईने फाटकाच्या विटांचा विषय काढला. बाबनराव पुढे गेले.

उत्तरा दाराच्या चौकटीत उभी होती. बाबनराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"नाव काय वं माय तुह्यं?"

"उत्तरा."

"पिल्लू पाहिजे का तुले?"

उत्तराने बापाकडे पाहिलं, हात मागे घेतले आणि आत निघून गेली.

"लाजते ते," मनोहरराव म्हणाले.

बाबनराव उठून पाटावर बसले. वडी त्यांनी दोनदा मागून खाल्ली आणि पुष्पलताबाईंना सांगितलं, "बाई, घर चांगलं आहे. आता एक करा. घरातलं अंगावरचं एक कापड पाठवा. मी ते मायच्या पोत्यावर टाकतो. पंधरा दिवस पिल्लू त्या वासात झोपलं, की नव्या घरी रडत नाही. त्याले वाटते आपल्याच घरी आलो."

आता यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण पुष्पलताबाईंना रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, एकच काळजी. परक्याच्या घरी अंगावरचं कापड द्यायचं, तेही लुगडी विणणाऱ्याच्या घरी. तो काय म्हणेल? सकाळी त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं, साबणाने दोनदा धुतलं, नीळ दिली, खळ दिली, वाळवून इस्त्री केली आणि वर्तमानपत्रात बांधून नवऱ्याच्या हाती दिलं. मनोहररावांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घराची अब्रू होती ती.

बाबनरावांनी पुडकं उघडलं, लुगडं नाकाला लावलं आणि खड्ड्यातल्या खड्ड्यात मागे रेलले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"चंद्रकला, पाहा वं. पिल्लाले साबणाच्या दुकानात देऊन राहिलो आपण."

चंद्रकलेने लुगडं हातात घेतलं, काठ पाहिला, घडी पाहिली. "बाईनं लय मन लावून केलं बाबा, हासू नका," ती म्हणाली. मग मनोहररावांकडे वळून म्हणाली, "भाऊ, वैनीले म्हणा, आमच्या घरी सारेच घामाचे आहेत. न धुतलेलं द्या."

"आन बाईचं नको," बाबनराव म्हणाले. "पोरगीचं आणा. पिल्लू कोणाजवळ झोपणार आहे? तिच्याजवळ. तिचं आणा."

त्या संध्याकाळी उत्तरा शाळेतून आली, फ्रॉक बदलला. पुष्पलताबाई तो फ्रॉक घडी करून पिशवीत घालत होत्या, तेव्हा तिने पाहिलं. कशाला म्हणून विचारलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, त्यांनी सांगितलं. बाबनराव आजोबांकडे पिल्लू आहे, तांबूस आहे, तुझ्यासाठी आहे, फ्रॉक त्याच्याजवळ ठेवायचा म्हणजे त्याला तुझी ओळख होईल.

उत्तराने पिशवीतून फ्रॉक ओढून काढला. छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"नको. माहा वास नका देऊ त्याले."

"काहून वं बाई?"

"मरन ते. मी गोटूले मारलं न. बाबानं सांगतलं."

मनोहरराव पलीकडच्या खोलीत चहा पीत होते. कप बशीत ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. दोन महिने ही मुलगी आपल्या हातांना असं बांधून फिरत होती, आणि दुःख आहे, पोरकट आहे, दुसरं पिल्लू आलं की विसरेल, असं ते बायकोला समजावत होते. तिला गोटू हवा होता म्हणून ती गप्प नव्हती. तिच्या बापाने तिला खुनी ठरवलं होतं आणि तिने ते मान्य केलं होतं, कारण बाबा खोटं बोलत नाहीत. मनोहररावांना स्वतःची इतकी लाज पूर्वी कधीच वाटली नव्हती. पण उठून त्या खोलीत जाणं काही त्यांना जमलं नाही. पुष्पलताबाई मुलीला जवळ घेऊन बसल्या आणि ते चपला घालून बाहेर पडले.

बाहेर पडले ते थेट बाबनरावांकडे. अजून उजेड होता. बाबनराव तुटलेला धागा जोडत होते. मनोहरराव दारातच म्हणाले, "बाबनराव, मी तुमच्याशी खोटं बोललो. आमच्या घरी पिल्लू होतं. मेलं."

"परसात पाहिलं मी," बाबनराव म्हणाले. "फूल ताजं होतं. म्हटलं, ज्या घरात कोणीतरी फूल ठेवते, त्या घराले थांबून पाहू. पण तुम्ही सांगाची वाट पाहून राहिलो होतो. न सांगते तं पिल्लू भेटत नव्हतं तुम्हाले."

मग मनोहररावांनी सगळं सांगितलं. बाजार, टोपली, आंघोळ, भाऊबीज, आपलं बोलणं. बाबनरावांनी माग थांबवला. एवढंच विचारलं, "दात होते काय त्याले? नीट चालत होतं?"

"दात नव्हते. चालताना पडत होतं."

"मंग वीस दिवसाचंही नसन ते. मायचं दूध तोडलेलं. तेल लावा, नका लावू, आंघोळ घाला, नका घालू, ते वाचत नव्हतं भाऊ. बाजारात बसवलं त्याच दिवशी मेलं होतं ते. तुमच्या घरी फक्त चार दिवस उशिरा कळलं."

मनोहररावांचा जीव भांड्यात पडला. ते पुढे सरकले. "मंग तुम्ही हेच माह्या पोरगीले सांगा न. उद्या घेऊन येतो तिले. तुमचं ऐकन ते. तुमच्यापेक्षा पिल्लांतलं कोणाले जास्त कळते?"

"नाही सांगत," बाबनराव म्हणाले.

"काहून?"

"मी तिले म्हटलं होतं काय, का तूच मारलं?"

चंद्रकला चहा टाकायला आत गेली होती. बाबनरावांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ही माही पोरगी पाहता न तुम्ही. उमरेडले दिली होती. स्थळ एकानं आणलं, घर चांगलं आहे म्हणे. मी मागावरून उठलो नाही. हंगाम होता, लुगडे पुरे कराचे होते. घर न पाहता पोरगी देली. दोन वर्स तिनं काय काय सोसलं ते तिलेच माहीत. मंग मी जाऊन घेऊन आलो. लोकांनी तिलेच नावं ठेवली, नांदली नाही म्हणून. आन मी बी ऐकत राहिलो. माह्या तोंडातून निघालं नाही, का चंद्रकला, तुह्यं नाही चुकलं, मी घर नाही पाहिलं. रोज समोर बसून कांड्या भरत होती, आन मले बोलता येत नव्हतं." ते थांबले, चष्मा काढून बंडीला पुसला. "चार वर्स लागले मले ते एक वाक्य बोलाले. बापाचं तोंड लय जड असते. तुम्ही चार वर्स नका लावू. तवापर्यंत पिल्लू मी ठेवतो, मायजवळ आहे ते, त्याले काही घाई नाही."

चंद्रकलेने चहा आणला. मनोहररावांनी तिच्या हातून कप घेतला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. कुत्र्याच्या पिल्लासाठी फाटकाखालची फट वितीने मोजणारा हा माणूस आपल्याला इतके दिवस चक्रम वाटला होता, याचंही त्यांना वाईट वाटलं.

चार वर्षं लागली नाहीत, पण तीन आठवडे लागले. मनोहरराव रोज ठरवत. सकाळी म्हणत संध्याकाळी सांगू, संध्याकाळी म्हणत आता अभ्यासाला बसली आहे. ऑफिसात तर त्यांनी वाक्य कच्चं लिहूनही पाहिलं, ते 'सबब' शब्दाने सुरू झालं तेव्हा कागद चुरगळून टाकला. फाटकाखाली विटा लावून झाल्या. टाक्याला झाकण बसलं. घर पिल्लासाठी पुरतं तयार झालं आणि बाप तसाच राहिला.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी ते उत्तराला म्हणाले, "चाल, बाबनराव आजोबाकडे जाऊन येऊ." ती सायकलच्या पुढच्या दांडीवर बसली. पाठीमागून तिची वेणी दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. बोलायला यापेक्षा सोपी जागा नव्हती. नंदनवन मागे पडलं, पुढचा चढ गेला, गोळीबार चौक आला, आणि मनोहररावांनी सगळ्या वाटेत एवढंच विचारलं की थंडी वाजते का.

बाबनरावांच्या घरी पिल्लं आता चांगली हिंडत होती. तीन घरोघर गेली होती, दोन उरली होती. तांबूस पिल्लू मागाच्या खड्ड्याशी येऊन बाबनरावांच्या पायाचा अंगठा चावत होतं. उत्तराला पाहून ते धावत आलं आणि तिच्या पायावर पाय ठेवून उभं राहिलं. उत्तरा हलली नाही. तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले, आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं. पिल्लू तिच्या फ्रॉकची कड ओढू लागलं तशी ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

"आबाजी," ती बाबनरावांना म्हणाली, "याले घ्या न. मी हात नाही लावत."

बाबनरावांनी पिल्लू उचललं नाही. त्यांनी मनोहररावांकडे पाहिलंही नाही. ते मागावर वाकून धागे पाहत बसले. चंद्रकलेचा चरखा मात्र थांबला.

मनोहरराव जमिनीवर बसले. पँटची इस्त्री मोडली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"उत्तरा, इकडे पाहा. गोटू तुह्या आंघोळीनं नाही मेला."

उत्तराने पाहिलं.

"लय लहान होता तो. मायपासून तोडून आणलेला होता. त्याची माय कोठी आहे, हे मी विचारलंच नाही. न पाहता घेऊन आलो. तो कोणाच्याही घरी जगत नव्हता. तू त्याले चांगल्या मनानं न्हाऊ घातलं. तुह्यं काहीच चुकलं नाही. माह्यं चुकलं. आन तुले तसं म्हटलं, ते त्याहून चुकलं."

उत्तराने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. खरं आहे की समजूत घालत आहेत, हे ती तपासत असावी. मग तिने विचारलं, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली मले," मनोहरराव म्हणाले. "तुह्याजवळ बोलाची लाज वाटली."

उत्तराचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. भाऊबिजेपासून साठलेलं सगळं रडली, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. मनोहररावांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. पिल्लाला हे सगळं आपल्यासाठीच चाललं आहे असं वाटून तेही मध्ये घुसलं, तिच्या हनुवटीवरचं पाणी चाटू लागलं. तिने एक हात पुढे आणला. मग दुसरा. पिल्लाच्या पोटाखाली दोन्ही तळवे नीट देऊन तिने ते उचललं आणि कानाशी धरून त्याचा श्वास ऐकला.

"नेऊ का आबाजी याले?" तिने विचारलं.

"तुह्यंच आहे माय ते," बाबनराव म्हणाले. चंद्रकला त्यांच्याजवळ जाऊन बसली.

उत्तराने पिल्लू बापाच्या हातात दिलं. मनोहररावांनी आजवर पिल्लू टोपलीतून पिशवीत आणि पिशवीतून घरात आणलं होतं, असं ऊबदार, धडधडतं, हातात घेतलं नव्हतं. त्यांनी ते घाईने परत तिच्याकडे धरलं.

उत्तराने घेतलं नाही. बापाच्या हातांखाली आपले हात लावले आणि म्हणाली, "भिऊ नका बाबा. तुमच्या हातानं काही होत नाही त्याले."